कच्छचे जीवाश्म शंख ओळखताना

कच्छच्या मायोसीन (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) थरांतले शंख तुम्ही गोळा करताय, ते पाहून आनंद झाला. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या प्रत्येक लांबट शंखाला ‘टुरिटेला’ (एक लांब, निमुळता समुद्री शंख) म्हणायची घाई करू नका.

आधी शंख टोक वर, तोंड आपल्याकडे असा धरा. तोंड उजवीकडे आलं तर तो उजवा. बहुतेक समुद्री शंख असेच असतात. (डाव्या वळणाचा फायसा हा शंख आपल्या दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात सापडतो, पण तो गोड्या पाण्यातला.)

खरी गोष्ट तोंडाच्या तळाशी असते. टुरिटेलाचं तोंड तळाशी अखंड असतं. टेरेब्राही तसाच निमुळता, पण त्याला तिथे स्पष्ट खाच दिसते. सेरिथियमला छोटी पन्हळ. म्हणजे बाहेरून जुळे वाटणारे तिघे वेगवेगळ्या कुळांतले! टुरिटेलावर भिंगातून वाढीच्या रेषाही बघा. त्या किती वाकतात, यावरून प्रजाती वेगळ्या करायला फार मदत होते. म्हणून ब्रश मऊच वापरा, ॲसिड तर अजिबात नको. कवच चुन्याचं असतं.

शंकूसारखा कोनस आणि कवडी सहज कळतात.

कवच विरघळून आतला दगडी साचाच उरला असेल, तर नुसतं ‘गॅस्ट्रोपॉड’ (म्हणजे शंख-गोगलगायींचा अख्खा वर्ग) लिहा. बाहेरची नक्षीच नाही, तर प्रजातीचं नाव कशाच्या आधारावर द्यायचं? तोंड फुटलेल्या नमुन्याचंही तेच. आणि प्रत्येक पुडीत जागा, थर, तारीख लिहिलेली चिठ्ठी तिथेच, लगेच टाका.