साठीनंतर शास्त्रज्ञाला थरारक कादंबऱ्या लिहिता येतील का? आणि लिहिल्या तर त्या वाचकापर्यंत न्यायच्या कशा?

तुम्ही पुढच्या वर्षी संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होताय, डोक्यात एक कादंबरी घोळतेय, आणि विचारताय की या वयात हे सुरू करावं का आणि छापून आल्यावर पुस्तक खपतं कसं. मी भूकंपशास्त्रात ३४ वर्षं नोकरी केली, २०१६ साली निवृत्त झालो आणि त्यानंतर तीन थ्रिलर लिहिले. तेवढ्या अनुभवावर सांगतो.

सुरू करा, नक्की करा. पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट सगळ्यात आधी. डीआरडीओचं, म्हणजे संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेचं, नाव माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्या कायद्यातून बऱ्याच अंशी वगळलेल्या गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांच्या यादीत. त्या अनुसूचीतल्या संस्थांमधून निवृत्त झालेल्यांसाठी केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये निवृत्तिवेतनाचे नियम बदलले. संस्थेच्या कार्यक्षेत्राशी संबंधित काहीही, अगदी तिथे काम करून मिळालेल्या ज्ञानावर आधारलेलंसुद्धा, संस्थाप्रमुखाच्या पूर्वपरवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. ‘कादंबरी आहे, सगळं काल्पनिक आहे’ असं स्वतःच ठरवून मोकळे होऊ नका. नोकरीत आहात तोवरच लेखी विचारून घ्या. किंवा कथेचं क्षेत्रच बदला. पेन्शन पणाला लावण्याइतकी कुठलीच कादंबरी मोठी नसते.

आता लिहिण्याबद्दल. माझा पहिला खर्डा मुलीने वाचला आणि म्हणाली, “बाबा, पाचव्या पानावर सगळं सांगून टाकलंत. पुढे मी कशासाठी वाचू?” तिचं खरं होतं. आपण आयुष्यभर शोधनिबंध लिहितो. त्यात निष्कर्ष सर्वांत वर, सारांशातच. मग पद्धत, मग आकडे. प्रत्यक्षात काम कधी असं होतं का? प्रत्यक्षात आधी काहीतरी खटकतं. आपण चुकीच्या गोष्टीवर संशय घेतो, दोन महिने त्यामागे घालवतो, उपकरणालाच दोष देतो, एखाद्या सहकाऱ्याशी वाजतं, आणि मग एका रात्री आलेखातली एक बारीक रेघ दिसते. निबंध लिहिताना हे सगळं आपण पुसून टाकतो. थ्रिलर म्हणजे तेच पुसलेलं पुन्हा लिहिणं. संशोधन जसं घडलं त्या क्रमाने सांगा, जसं छापलं त्या क्रमाने नको. मला हे उमगायला दीड वर्ष लागलं, आणि तुम्हाला द्यावं असं माझ्याकडे सगळ्यात मोलाचं हेच आहे.

एक उदाहरण देतो म्हणजे नेमकं कळेल. माझ्या पहिल्या कादंबरीत कोयना खोऱ्यात पहाटे एक धक्का बसतो. तिथे धक्के नेहमीचेच, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. कथेतली तरुण मुलगी भूकंपमापन केंद्रावरची नोंद बघते. खऱ्या भूकंपात खडक जमिनीतल्या एका भेगेवर सरकतो, त्यामुळे काही केंद्रांवर पहिली हालचाल वर होते, काहींवर खाली. स्फोटात मात्र जमीन सगळ्या दिशांना बाहेर ढकलली जाते, म्हणून सगळ्या केंद्रांवर पहिली हालचाल वरच, आणि भूकंपाच्या दोन मुख्य लहरींपैकी मागून येणारी एस लहर दुबळी. खाणीतले सुरुंग आमच्या नोंदींत रोजच येतात, पण ते दिवसा, कामाच्या वेळात. पहाटे तीन वाजता सुरुंग कोण उडवेल? तिला हे लगेच दिसत नाही. आधी तिला वाटतं की एका केंद्राच्या तारा उलट्या जोडल्यात (असं खरोखर होतं, आणि मग वरचं खाली दिसतं). ती दुरुस्तीला जाते. तारा बरोबर असतात. तिथे पुस्तकातलं ते प्रकरण संपतं. बघा, यात खोटं विज्ञान कुठेच नाही, पिस्तूल नाही, पाठलाग नाही. तरी वाचक पान उलटतो.

तुमच्या कामातही असे पन्नास प्रसंग असतील. मात्र माहिती किती द्यायची याला एक कसोटी लावा: पात्राला त्या क्षणी जेवढं हवं तेवढंच. दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या खडकावर, मी अकरा पानं लिहिली होती. जीव तुटत होता, पण सगळी काढली. आज वाटतं, तिथूनच मी लेखक व्हायला लागलो.

नावापुढे ‘डॉ.’ लावायचं की नाही, असंही विचारलंय तुम्ही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली विज्ञानकथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी केलेली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नीकडून लिहून घेतली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, नाव नंतर कळलं. त्या वेळी ते जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ होते. आपण तर साधी माणसं. कथा आपल्या पायावर उभी राहते का, हे एकदा तरी असं तपासून बघावं. मी एका दिवाळी अंकाला रहस्यकथा पाठवली ती पदवी आणि हुद्दा न लिहिताच. स्वीकारली गेल्याचं कळलं त्या दिवशी मी घरभर फिरत होतो. दिवाळी अंकापासून सुरुवात करा असं मी तुम्हालाही सांगेन. रहस्यकथेचा वाचक तिथे अजून आहे, आणि संपादक तुमची वाक्यं कापतो तेव्हा खूप शिकायला मिळतं.

प्रकाशनाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझे पैसे आणि दोन वर्षं गेली. पहिल्या प्रकाशकाने माझ्याकडूनच खर्च घेतला, ५०० प्रती छापल्या आणि गठ्ठे तसेच पडू दिले. वितरण करू म्हणाले होते, केलं नाही. करारात वितरणाबद्दल एक ओळ नव्हती, आणि मी तो न वाचता सही केली होती. तुम्ही वाचा. किती प्रती, रॉयल्टी किती टक्के, हिशेब कधी देणार, ई-बुक आणि ऑडिओचे हक्क कुणाकडे, हे सगळं कागदावर हवं. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्या देशात फुकट मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आता खपवण्याचं. चांगलं काम आपोआप पोचतं, अशी आपली समजूत असते. विज्ञानात काही प्रमाणात ते खरं आहे, कारण त्या विषयातले जगभरातले दोनशे लोक तुमचा निबंध शोधूनच वाचतात. कादंबरीला असे दोनशे लोक आधीपासून नसतात. ते एकेक करून जमवावे लागतात. मी गठ्ठे घरी आणले आणि एसटीने निघालो. सातारा, कराड, पाटण, इस्लामपूर, वाई. प्रत्येक गावातल्या वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना भेटायचं, एक प्रत द्यायची, म्हणायचं, वाचा आणि आवडली तर मला बोलवा. आपल्याकडे ‘अ’ ते ‘ड’ वर्गाची सरकारमान्य वाचनालयं गावोगाव आहेत आणि तिथे थरारकथा हातोहात जातात. फेसबुकवरही लिहितो मी, पण माझा खरा वाचक वाचनालयातच भेटला.

बोलावलं की भाषण करत नाही. श्रोत्यांना सांगतो, तुम्ही पुण्यात आहात आणि कोयनेला भूकंप झालाय. मग एक टाळी वाजवतो. ही आधी पोचणारी पी लहर. नंतर गप्प उभा राहतो. दोन लहरींमधल्या सेकंदांना ८ ने गुणलं की ढोबळमानाने अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. कोयना ते पुणे सरळ रेषेत १२५ किलोमीटर, म्हणजे साधारण १५ सेकंद. एवढा वेळ सभागृहात चिडीचूप शांतता असते. लहान मुलंसुद्धा हलत नाहीत. मग टेबलावर जोरात हात आपटतो, ही एस लहर, आणि ताबडतोब कादंबरीचं पहिलं पान वाचायला घेतो. त्या दिवशी पुस्तकं विकली जातात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा मोठा भूकंप झाला तेव्हा मी ११ वर्षांचा होतो, कराडला. त्या धक्क्यानेच मला या शास्त्रात आणलं. तरी पुस्तकात तो प्रसंग मी नोंदी बघून लिहिला होता. पाटणच्या कार्यक्रमानंतर एक आजी थांबल्या. तेव्हा त्या कोयनानगरला राहत होत्या. म्हणाल्या, “सायेब, तुमच्या पुस्तकात आधी भांडी पडत्यात. तसं नव्हतं. आधी आवाज आला. मला वाटलं एसटीच दारात आली.”

भूकंप जिथे होतो त्या जागेजवळ पी लहर जमिनीतून हवेत शिरते आणि ऐकू येते, हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. लिहिलं मात्र नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीत ते वाक्य बदललं, आणि ती आवृत्ती हातात आली तेव्हा पहिली प्रत घेऊन पाटणला गेलो.