आज संध्याकाळी गेट उघडा

(बेळगावातल्या वडगावहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा पाच वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलतो फार थोडं. 'घरी फक्त इंग्रजीच बोला' असं शाळेने सांगितल्यापासून घरात मराठी बंद. रोज फ्लॅशकार्डं दाखवूनही फरक नाही. 'माझं काय चुकतंय?' असं त्या विचारतात.)

ताई, एवढ्या लांबलचक पत्रात शाळा आहे, थेरपीची फी आहे, सासूबाईंचा अबोला आहे. आणि कुठेतरी मधेच एक वाक्य: 'शेजारच्या विणकरांच्या मुलाकडून हा "चेंडु कोडु" म्हणायला शिकला. भाषांचा गोंधळ नको म्हणून आम्ही गेटला कडी घालतो.'

अहो, तुमच्या मुलाने चेंडू मागितला! त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही म्हणून तुम्हाला झोप लागत नाही, आणि त्याने समोरच्या पोराकडे हवी ती वस्तू नेमक्या वेळी मागितली. तुम्हाला दिसलं काय, तर ते कन्नड होतं. मला राग आलाय, खरंच. ऑटिझम तुमच्यामुळे झालेला नाही. कडी मात्र तुम्ही घातलीत.

ते वाक्य त्याने जसंच्या तसं उचललं असेल. उचलू दे. ऑटिझम असलेली बरीच मुलं अशीच बोलू लागतात: ऐकलेलं अख्खं वाक्य आधी जसंच्या तसं म्हणतात, मग हळूहळू त्याचे तुकडे करून स्वतःचं जोडतात. तुमच्या कार्डावर बॉलचं चित्र आहे आणि 'व्हॉट इज धिस?' विचारणारी आई आहे. तो बॉल त्याच्याकडे कुणी टाकत नाही. मग त्याने बोलायचं कशासाठी?

गोंधळाचं म्हणाल, तर कॅनडात २०१२ साली ऑटिझम असलेल्या ७५ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन भाषा कानावर पडणारी मुलं एकच भाषा ऐकणाऱ्यांपेक्षा मागे पडलेली दिसली नाहीत. तेव्हा शाळेचा तो सल्ला सोडा. आजींना नातवाशी मराठीत पोटभर बोलू द्या. इंग्रजी येत नाही म्हणून त्या गप्प बसल्यात, अबोला कसला!

आज संध्याकाळी कडी काढा. त्या पोराला आत बोलवा, मूठभर चिवडा द्या आणि सांगा: चेंडू हातात धरून ह्याच्यासमोर उभा राहा आणि थांब. ह्याने बघितलं, हात पुढे केला, काही पुटपुटला, की लगेच टाक. सवंगड्यांना असं मुद्दाम शिकवणं हा थेरपीतलाच प्रकार आहे, आणि पोरं ते चटकन शिकतात. तुमचा मुलगा पहिले काही दिवस पाठ फिरवेल, कानावर हात ठेवेल. मग थोडा वेळच खेळू दे, पण बोलावणं थांबवू नका. तुम्ही मध्ये पडून 'से प्लीज' म्हणू नका.

आणि थेरपिस्टना सांगा, की तो चेंडू कन्नडमध्ये मागतो. पुढचे शब्द त्या तिथूनच धरतील.