गॅरेजच्या कट्ट्यावरून : गाडी ट्रॅकवर न्यायचीय, आधी काय करू?

मागच्या अंकात ट्रॅक डेबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्यात निम्मे प्रश्न त्याचेच आलेत. सांगली-सातारा पट्ट्यात एवढे लोक हे डोक्यात घेऊन बसलेत हे मला पण नवीनच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे. रेसचा ट्रॅक त्या दिवशी आपल्यासारख्यांना खुला असतो, आपली रोजची गाडी घेऊन जायचं, पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये पळवायची, पहिला दुसरा नंबर काही नसतो. निदान कागदावर तरी नसतो.

प्रश्न : मी विट्याजवळचा. चुलत्यांचं कोईमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान आहे, माझं पण येणंजाणं असतं. गेल्या वर्षी पोर्शे केमन घेतली, सेकंडहँड, २०१४ ची, २.७ लिटर. तिथल्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे करायचाय. गाडी चालवतच नेणार आणि चालवतच आणणार. दोन लाखापर्यंत खर्च करायची तयारी आहे. मित्र म्हणतो आधी एग्झॉस्ट बदल आणि ईसीयू रिमॅप कर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढव. काय करू?

मित्राला चहा पाजा आणि विषय बदला. तुमच्या गाडीला कंपनीतूनच २७५ हॉर्सपॉवर आहे आणि करीचा ट्रॅक आहे जेमतेम दोन किलोमीटरचा, वळणंच जास्त. तिथं पहिल्या दिवशी तुम्हाला ताकद कमी पडणार नाही, कमी पडणार ते थांबणं.

आणि तुम्ही पडला भट्टीवाले लोक, उष्णतेचं गणित तुम्हाला वेगळं सांगायला नको. गाडी, पेट्रोल आणि तुम्ही मिळून धरा १,४५० किलो. ताशी १६० वरून ६० वर आणली की जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते तेवढ्यात जवळजवळ ४ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. चाळीसेक कटिंगचं आधण झालं की हे, एका ब्रेकला! आता हेच घाटात बघा, ६० वरून ३० वर आणली तर अर्धा लिटर पण नीट उकळत नाही. म्हणजे आठपट फरक, आणि घाटात दोन वळणांच्या मधे ब्रेकला वारा खायला वेळ मिळतो, ट्रॅकवर तो मिळत नाही, पुढचं वळण आलेलंच असतं. म्हणून रस्त्यावर "माझे ब्रेक एकदम टकाटक आहेत" म्हणणाऱ्याचे ब्रेक ट्रॅकवर चौथ्या लॅपला हात वर करतात.

पहिला खर्च ब्रेक फ्लुइड. हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, आपल्याकडे चार महिने पावसाळा त्यामुळे जास्तच. डॉट ४ चं फ्लुइड नवीन असताना त्याचा उकळबिंदू कमीत कमी २३० डिग्री असावा लागतो, पण साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरलं की तोच १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. एकदा ते कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकातल्या पॅड आवळणाऱ्या चिमट्यात, उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, पेडल स्पंजासारखं होऊन खाली जातं आणि गाडी काही थांबत नाही. मी हे चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूरच्या ट्रॅकवर स्वतःच्या गाडीत भोगलंय, दोष पूर्ण माझाच, फ्लुइड तीन वर्षांचं होतं, रंग सोनेरी दिसत होता म्हणून नाही बदललं. तिसऱ्या लॅपला पाय फळीपर्यंत गेला आणि मी थेट ट्रॅकबाहेर, गाडी अडवायला पसरलेल्या खडीत. खडी आजपण कधीकधी गाडीच्या कोपऱ्यातून निघते. तेव्हा जायच्या आधी आठवड्याभरात चारी चाकांचं फ्लुइड पूर्ण काढून नवीन भरा, ३०० च्या वर उकळणारं रेसिंगचं डॉट ४ मिळतं ते घ्या. फक्त डॉट ५ असं लिहिलेली बाटली उचलू नका, ते सिलिकॉनचं असतं, आपल्या सिस्टीमला चालत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं. नावं ठेवणाऱ्यानं काय विचार केला होता देव जाणे.

दुसरा खर्च ब्रेक पॅड. पेडल दगडासारखं कडक लागतंय पण गाडी थांबत नाही असं झालं तर फ्लुइड नाही, पॅड तापलेत असं समजायचं. हे दोन्ही वेगळे आजार आहेत, पुष्कळ मेकॅनिक एकच समजून भलतंच बदलतात. पण म्हणून एकदम पक्के रेसिंगचे पॅड पण घालू नका, ते थंड असताना पकडत नाहीत आणि तुम्हाला तर जवळजवळ हजार किलोमीटर रस्त्यानं जायचंय, पहाटे हायवेला कुत्रं आडवं आलं तर त्याला थोडीच सांगणार की थांब बाबा पॅड गरम होऊ देत. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालणारे मधले पॅड येतात, तेच घ्या, आणि बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर दहाएक वेळा ब्रेक लावून वेग कमी करत करत रुळवून घ्या, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या.

आता एक खास तुमच्या गाडीचं. केमनचं इंजिन सीटच्या पाठीमागं पण रेडिएटर पुढं, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत आत बसवलेले. जाळीतून कचरा आत जातो तो बाहेर येत नाही. आपल्या भागात गळीत हंगामात ट्रॉलीच्या मागं चालवून बघा, पाचट कसं उडतं. माझ्याकडं एक अशी गाडी आलती, मालक म्हणे ट्रॅफिकमध्ये तापते, पुढचा बंपर खोलला तर आत मूठमूठभर पाचट आणि पिंपळाची पानं, वर मातीचा थर. पाण्यानं हळू धुतलं, प्रेशरनं नाही, पत्र्या वाकतात. बाकी काही केलं नाही, गाडी बरी झाली. तुम्ही पण बंपर खोलून घ्याच, ओळखीच्याला बसवून दोन तासाचं काम आहे.

इंजिन ऑइल नवीन आणि लेव्हल वरच्या खुणेला, पण खुणेच्या वर नको. लांब वळणात तेल एका बाजूला धावतं, कमी असेल तर पंप हवा ओढतो. तुमच्या गाडीला डिपस्टिक नाही, मीटरवर बघायचं, सपाट जागेवर. पेट्रोल पण निम्म्याच्या वर ठेवा, कारण तेच.

चालवताना मात्र एक लक्षात असू द्या, वळणात वेग जास्त झाला असं वाटलं की माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, तुमच्यासारख्या मिड इंजिन गाडीत, म्हणजे इंजिन सीट आणि मागच्या चाकांच्या मधे असलेल्या, तसं केलं की वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर येते. हळू सोडायचं. पीएसएम, म्हणजे गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा, चालू ठेवा, बंद करून दाखवायला तिथं आपलं कुणी बसलेलं नसतं.

शेवटची लॅप ब्रेक न लावता फिरायची, थंड करायला. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत, आल्यावर हँडब्रेक लावू नका, तापलेली डिस्क आवळून ठेवायची नाही, गिअरमध्ये किंवा पी वर ठेवा आणि चाकाला वीट लावा. प्रत्येक सेशननंतर चाकं जरा निवली की त्यांचे बोल्ट टॉर्क पान्यानं तपासा, आकडा गाडीच्या पुस्तकात आहे, अंदाजपंचे पाय देऊन आवळायचं नाही.

हो आणि गाडीतलं सगळं सुटं सामान बाहेर. मॅट, बाटली, परफ्यूमची डबी, पैशाची चिल्लर. डॅशबोर्डवरचा बाप्पा त्या दिवशी चुलत्यांच्या देवघरात बसू दे. टोइंग हुक मात्र आधीच लावून बघा, बऱ्याच जर्मन गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात आणि खडीत अडकल्यावर ते कळणं काही बरं नाही.

प्रश्न : मी साताऱ्याचा, इंजिनिअरिंगला आहे. ट्रॅक फार लांब आहेत. तोपर्यंत यवतेश्वर घाटात किंवा खंबाटकीत रात्री प्रॅक्टिस केली तर चालेल का?

नाही. समोरनं दुधाची गाडी येते, वळणावर वाळू असते, आणि कड्याला खडीचा ट्रॅप नसतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्यांदाच ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खरंच शिकायचंय तर कोल्हापूरला गो-कार्ट आहे, दोन तासाच्या अंतरावर. ब्रेक कुठं लावायचा, नजर कुठं ठेवायची, लाइन काय, म्हणजे वळणात गाडी कुठून काढायची, हे कार्टमध्ये स्वस्तात कळतं आणि बाइकवरच्या पोरांपेक्षा लवकर कळतं हे पण बघितलंय.

प्रश्न : कराडहून लिहितोय. सेमी-स्लिक टायर घेऊ का? गाडी रोज वापरतो, पावसाळ्यात कुंभार्लीनं चिपळूणला पण जातो.

मग नका घेऊ, प्रश्नातच उत्तर आलंय तुमच्या. त्याला खाचा कमी, पाणी बाहेर फेकायला जागा नाही, कुंभार्लीत धो धो पावसात तुम्ही टायरवर नाही पाण्यावर चालाल. शिवाय साध्या चांगल्या टायरचा एक गुण आहे, सुटायच्या आधी तो ओरडतो. नवशिक्याला ते ओरडणं ऐकायला शिकणं गरजेचं आहे, सेमी-स्लिक उशिरापर्यंत गप्प असतो आणि मग एकदम सोडतो.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात ते वाचा, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. जुना, कडक झालेला टायर खाच भरपूर दिसत असली तरी ट्रॅकवर नको. उलट अगदी कोरा करकरीत पण नको, उंच रबर ट्रॅकवर हालतं, तापतं आणि तुकडे पडतात, थोडा झिजलेला बरा.

हवेचं लोकांचं कायम चुकतं. ट्रॅकवर टायर तापून ६-८ पीएसआय सहज वाढते. थंड असताना पुस्तकातल्या आकड्यानं सुरू करा, सेशन संपल्या संपल्या गरम असतानाच मोजा आणि त्या थंड आकड्याच्या ३-४ वर येईल इतकी काढा. टायरच्या खांद्यावर शाळेच्या खडूनं आडवी रेघ मारा, रेघ बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली गेली तर टायर लोळतोय, हवा फार काढलीत. खडूच्या दहा पैशात एवढी माहिती देणारं दुसरं यंत्र मी बघितलं नाही. घरी निघायच्या आधी हवा परत भरायची, हे विसरून कमी हवेवर हायवेला १०० नं येणारे महाभाग आहेत.

प्रश्न : मिरजेचा वाचक. गाडीत रोल केज आणि चार पट्ट्यांचा रेसिंग बेल्ट बसवायचाय. दिसायला पण भारी दिसतो. सल्ला द्या.

दिसायला भारी दिसतो हे तुम्हीच लिहिलंत ते बरं झालं. रोल केज म्हणजे तुमच्या डोक्याशेजारी लोखंडी पाइप, हेल्मेट घातलं असेल तर ठीक, पण मिरज-सांगली रस्त्यावर हेल्मेट घालून गाडी चालवणार आहात का? मागून कुणी रिक्षानं ठोकलं तरी डोकं पाइपला. आणि बेल्ट, त्यात खालून मांड्यांमधून येणारा पट्टा नसला तर धडकेत खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात, तो पोटावर येतो आणि माणूस खालून सरकतो. कंपनीचा बेल्ट, एअरबॅग आणि सीट हे तिघं एकमेकांच्या हिशोबानं बनवलेले आहेत, त्यातला एक बदलला की बाकीच्यांचा हिशोब चुकतो. शिवाय असले बदल आरटीओच्या नियमात बसत नाहीत, ते वेगळंच. तेच पैसे चांगल्या फुल फेस हेल्मेटला घाला. कुठलं सर्टिफिकेट चालतं ते आयोजकांना आधी विचारा, प्रत्येकाचं वेगळं असतं.

प्रश्न : आमचे मिस्टर ट्रॅक डेला जायचं म्हणतायत. दोन प्रश्न. काही झालं तर इन्शुरन्स मिळतो का? आणि मी नुसतं बसून बघायचं का? गाडी मला पण चांगली येते. एक वाचक, सातारा.

ताई, पहिल्याचं उत्तर कडू आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा असा एक भाग असतो, त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल हे वगळलेलं असतं. आमची रेस नव्हती हो, असं म्हणून भांडता येईल पण कंपनी सहजासहजी ऐकेल असं धरून जाऊ नका. बॅरिअरला लागली तर खर्च आपल्या खिशातून, एवढं घरात बोलून मगच जा. आयोजक पण सही घेतात की आमची जबाबदारी नाही, तो कागद वाचून सही करा.

दुसऱ्याचं, अजिबात बसून बघू नका. एका गाडीवर दोन चालक नोंदवता येतात बऱ्याच ठिकाणी, नाव नोंदवतानाच विचारून घ्या, हेल्मेट तुमच्या मापाचं वेगळं घ्या. फक्त एक, नवराबायको पाठोपाठच्या सेशनला उतरले की गाडीला निवायला वेळच मिळत नाही, तुम्ही ताज्यातवान्या असता पण ब्रेक आधीच मिस्टरांनी भाजून ठेवलेले असतात. मधे निदान एक सेशन सोडा, बॉनेट उघडून ठेवा, आणि बाहेर पडायच्या आधी उभ्या गाडीत पेडल दाबून बघा, मऊ लागलं तर उतरायचं नाही, मिस्टर काहीही म्हणोत.