मिलानहून पाव्हिआला जाताना

आपण मिलानमधील चार दिवसांपैकी एक पाव्हिआसाठी ठेवला आहे, हे उत्तम. मात्र मिलानच्या दक्षिणेला सुमारे ३५ किलोमीटरवर असलेल्या या गावाला जाताना वेगवान गाडीच्या मोहात पडू नये, कारण ती वाटेतल्या चेर्तोसा या मठाजवळच्या स्थानकावर थांबत नाही. एस१३ ही उपनगरी गाडी तिथे थांबते. कागदी तिकीट असल्यास फलाटावरील यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा, नाहीतर तिकीट असूनही दंड भरावा लागतो.

मिलानचा ड्यूक जान गालेआत्सो व्हिस्कोंती याने १३९६ मध्ये पायाभरणी केलेला चेर्तोसा हा मठच खरे तर या सहलीचे मुख्य कारण ठरावा. स्थानकावरून मठाच्या उंच भिंतीला वळसा घालून बरेच चालावे लागते, आणि मग संगमरवरी कोरीवकामाने भरलेला दर्शनी भाग एकदम समोर उभा राहतो. आत मिलानचा नंतरचा ड्यूक लुदोव्हिको स्फोर्त्सा व त्याची पत्नी बेआत्रिचे यांच्या निजलेल्या संगमरवरी प्रतिमांपाशी, बेआत्रिचेच्या वस्त्राच्या चुण्या पाहण्यासाठी तरी, थोडे रेंगाळावे. खांदे झाकलेले असावेत, आणि उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशीच तपासाव्यात.

गावात विजेच्या बॅटरीचे जनक व्होल्टा यांनी जिथे अध्यापन केले ते विद्यापीठ आणि तिचीनो नदीवरचा छत असलेला पूल पाहावा. तो पूल प्राचीन वाटला, तरी युद्धात जुना मोडल्यावर १९५१ मध्ये नव्याने बांधलेला आहे. ‘त्सुप्पा पाव्हेझे’ या सुपात अंडे असते आणि रस्सा बहुधा मांसाचा असतो. शाकाहारी असाल तर आधी विचारावे.