हाताखाली किती माणसं?

नमस्कार. तुमचं चार पानी पत्र मिळालं. मुलगा ३१ वर्षांचा, आठ वर्षं हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत. टीम लीड हो म्हटलं तर त्याने नकार दिला. आता 'नेतृत्वगुण' यावेत म्हणून त्याला एक्झिक्युटिव्ह एमबीए करायला लावावं का, हा तुमचा प्रश्न.

एमबीएचं लगेच सांगतो. नोकरी सांभाळून करता येतं, फी लाखांत जाते, आणि माणसं सांभाळायची हौस मुळात नसेल तर ती तिथे मिळत नाही.

मी अडकलो तिसऱ्या पानावर. मुलाच्या मॅनेजरचा नंबर मिळवून तुम्ही 'त्याला जरा समजवा' म्हणून फोन केलात. अहो, एकतीस वर्षांच्या माणसाच्या साहेबाला वडिलांचा फोन! त्या मॅनेजरच्या जागी मी असतो, तर पुढे त्याला कुठलीही जबाबदारी देताना मला आधी तो फोन आठवला असता.

'हाताखाली' हा शब्द पत्रात सात वेळा आहे. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा खात्यात तुमच्या हाताखाली बावीस माणसं, साडूच्या मुलाच्या हाताखाली बारा, आणि आपल्या चिरंजीवांच्या हाताखाली कुणीच नाही. लग्नाच्या बायोडेटात ते बरं दिसत नाही. मुलाला काय आवडतं, याबद्दल एकच ओळ, तीही त्याचीच: "मला लोकांच्या रजा मंजूर करत बसायचं नाही." त्यावर तुमचा शेरा, पळपुटेपणा.

लीड होणं म्हणजे त्याच कामाची वरची पायरी, असं तुम्ही धरून चाललात. ते कामच वेगळं आहे. पगारवाढीची ठरलेली रक्कम नऊ जणांत वाटायची आणि ज्याला कमी मिळाली त्याच्यासमोर बसून कारण सांगायचं. भरती करायची, तर निवडलेला उमेदवार ऑफर खिशात घालून नव्वद दिवसांची नोटीस काढतो आणि रुजू व्हायच्या सकाळी फोन बंद. त्याच्यासाठी मागवलेला लॅपटॉप टेबलावर, क्लायंटला दिलेली तारीख डोक्यावर. गूगलने २००२च्या सुमारास इंजिनिअरांवरचे मॅनेजर काढून पाहिले होते. काही महिन्यांतच खर्चाची बिलं आणि आपसातली भांडणं थेट कंपनीचा सहसंस्थापक लॅरी पेज याच्याकडे जायला लागली, आणि प्रयोग गुंडाळावा लागला. म्हणजे हे काम लागतंच. पण उत्तम कोड लिहिणाऱ्याला बक्षीस म्हणून ते दिलं, की बऱ्याचदा चांगला इंजिनिअर जातो आणि कंटाळलेला मॅनेजर मिळतो.

तुमच्या मुलाचंही सगळंच बरोबर आहे असं नाही. काही कंपन्यांत इंजिनिअरांची वेगळी शिडी असते: सीनिअर, स्टाफ, प्रिन्सिपल, आर्किटेक्ट. पगार मॅनेजरच्या तोडीचा, हाताखाली कुणी नसलं तरी. पण सेवा देणाऱ्या अनेक कंपन्यांत ती नुसती कागदावर असते, आणि दहा वर्षं झाली की 'माणसं सांभाळा नाहीतर तिथेच राहा'. त्याने शोधावं, की आपल्या कंपनीत पंधरा वर्षं काढून अजून कोड लिहिणारं कुणी आहे का, आणि ते कुठल्या पदावर आहे. कुणीच सापडलं नाही, तर कंपनी बदलायचा विचार करावा, एमबीएचा नव्हे.

आणि नकार नावडीतून आलाय की भीतीतून, हे त्याचं त्यालाच कळेल. सहा महिने दोन फ्रेशर शिकवायला घ्यावेत, भरतीच्या मुलाखतींना पॅनेलवर बसावं. त्यासाठी पद लागत नाही. दुसऱ्याचं काम दुरुस्त करताना हात शिवशिवतात की चिडचिड होते, ते दिसेल.

यातलं काहीही तुम्ही त्याला सांगू नका. हे पत्र हवं तर वाचायला द्या. त्याआधी मॅनेजरला फोन केल्याचं स्वतःहून सांगा. त्याला ते ऑफिसात कळलेलं असणारच. आणि तो नंबर मोबाइलमधून काढून टाका.