वाचकांचे प्रश्न : तिसऱ्यांच्या पेशींत सीडीके-१ दिसेल का?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी भाट्ये खाडीतील तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) कल्ल्यांत पेशीविभाजन किती चालते ते पाहत आहे. त्यासाठी सीडीके-१ या पेशीचक्र नियंत्रक प्रथिनाविरुद्धचे, उंदरात तयार केलेले प्रतिपिंड (ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन, अँटीबॉडी) मागवले. माहितीपत्रकात फक्त माणूस आणि उंदीर यांचा उल्लेख आहे. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलमध्ये आकारानुसार वेगळी केलेली प्रथिने प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीत) ३४ किलोडाल्टन वजनाजवळ दोन-तीन बँड अगदी लागून दिसतात आणि ५५ जवळ एक ठळक बँड येतो. खरा कोणता? शिवाय पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, त्याने प्रतिपिंड बिघडते का? — एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : माहितीपत्रकात तिसऱ्यांचे नाव नसणे याचा अर्थ एवढाच, की कंपनीने तशी चाचणी घेतलेली नाही. प्रतिपिंड प्रथिनातील अमिनो आम्लांचा एखादा लहानसा भाग ओळखते, म्हणून ते कोणत्या भागाविरुद्ध तयार केले आहे हे आधी शोधावे. सीडीके-१ मध्ये प्रोलिन, सेरिन, थ्रिओनिन, अलानिन, आयसोल्युसिन, आर्जिनिन असा क्रम असलेला पट्टा यीस्टपासून माणसापर्यंत जवळजवळ तसाच टिकून आहे आणि त्याविरुद्धचे प्रतिपिंड शिंपल्यांतही चालण्याची चांगली शक्यता असते. मात्र तोच पट्टा सीडीके-२ या त्याच कुळातील प्रथिनामध्येही असल्यामुळे त्या प्रतिपिंडाला दोघांतला फरक कळत नाही. उलट, प्रथिनाच्या शेवटच्या टोकाविरुद्ध ते तयार केलेले असेल, तर तिसऱ्यांत ते लागू पडेल असे गृहीत धरू नये.

३४ जवळचे लागून असलेले बँड मला आशादायक वाटतात. सीडीके-१ वरील थ्रिओनिन-१४ आणि टायरोसिन-१५ (म्हणजे १४ व्या आणि १५ व्या स्थानावरील अमिनो आम्ले) यांना फॉस्फेट जोडले गेले की ते प्रथिन जेलमध्ये किंचित हळू सरकते. नमुन्याचा एक भाग लॅम्डा फॉस्फटेजने (फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकराने) हाताळून जेलच्या शेजारच्या विहिरीत (नमुना भरण्याच्या खाचेत) चालवावा. वरचे बँड खालच्यात मिसळले, तर ती फॉस्फेट असलेली रूपे होती हे बऱ्यापैकी निश्चित होते. ५५ चा बँड उंदराच्या ऊतीत दिसला असता, तर प्रथम इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या प्रतिपिंडांच्या, जड साखळीचा संशय घेता आला असता. शिंपल्यांत इम्युनोग्लोब्युलिनच नसतात, त्यामुळे दुसरेच एखादे प्रथिन पकडले जात असावे. पहिले प्रतिपिंड वगळून, केवळ दुय्यम प्रतिपिंड (पहिल्याला चिकटून बँड दाखवणारे) लावून एक पट्टी अवश्य करावी. बँड तिथेही आला तर दोष दुय्यम प्रतिपिंडाचा. सोबत हेला पेशींचा (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींचा) अर्क चालवला की प्रतिपिंड मुळात काम करते की नाही तेही समजेल.

तुमच्या मूळ प्रश्नासाठी मात्र सीडीके-१ ची निवड अपुरी आहे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. विभाजन करणाऱ्या पेशींत सीडीके-१ चे प्रमाण चक्रभर फारसे बदलत नाही. चढउतार होतो तो त्याच्या जोडीदार प्रथिनात, सायक्लिनमध्ये, जो शास्त्रज्ञ टिम हंट यांनी १९८२ मध्ये सी अर्चिनच्या अंड्यांत पाहिला. सायक्लिन ए चे जनुक तर १९८६ मध्ये शिंपल्यापासूनच वेगळे केले गेले, म्हणजे तुमचा प्राणी या विषयाला परका नाही. विभाजनातील पेशी मोजायच्या असतील, तर हिस्टोन एच-३ (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एक प्रथिन) मधील सेरिन-१० वरील फॉस्फेट ओळखणारे प्रतिपिंड घ्यावे, कारण हिस्टोनचा तो भाग प्राण्यांमध्ये फारच कमी बदलला आहे. ते वापरताना दुधाच्या पावडरऐवजी बीएसएने (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिनने) ब्लॉकिंग करणे, म्हणजे पटलावरील मोकळ्या जागा झाकणे, चांगले; दुधातील केसिनवरच फॉस्फेट असते.

विजेविषयी : द्रावणात ५० टक्के ग्लिसरॉल असेल, तर उणे २० अंशांवरही ते गोठत नाही आणि काही तास वीज गेल्याने सहसा बिघडत नाही. ग्लिसरॉल नसेल, तर वारंवार गोठणे-वितळणे घातक ठरते; अशा वेळी लहान कुप्यांत वाटून ठेवावे आणि एकदा वितळलेली कुपी पुन्हा गोठवू नये.