कोपरा फाडलेलं कार्ड

प्रश्न : आजीच्या ट्रंकेत एक पोस्टकार्ड मिळालं. पत्ता तासगाव, ‘जि. दक्षिण सातारा’. छापील तिकीट नव्या पैशांतलं. शिक्का पुसट, कोपरा फाटका. मजकूर एवढाच : ‘दादा गेले. निघून येणे.’ हे दादा कोण, कुठले? - एक वाचक, पुणे

उत्तर : कोपरा फाटलेला नाही, फाडलेला आहे. मयताची बातमी तशीच कळवायचे. मी टपाल वाटायचो तेव्हा असं कार्ड नुसतं पुढं केलं तरी बाया रडायला लागायच्या. वाचून झालं की ते घरात ठेवत नसत. आजींनी ठेवलं, म्हणजे दादा फार जवळचे. त्यांचं माहेर आधी धुंडाळा.

दक्षिण सातारा जिल्हा १९४९ चा. १९६० मध्ये त्याचं सांगली झालं. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून. म्हणजे कार्ड या तीन-चार वर्षांतलं. शिक्क्यावर बॅटरीचा उजेड तिरका पाडा, गावाची दोन अक्षरं तरी उमटतील. गाव कळलं की तहसिलीच्या अभिलेख कक्षात त्या सालांचे फेरफार, म्हणजे जमिनीवरच्या नावबदलाच्या नोंदी, मागा. जमीन दादांच्या नावावर असेल, तर वारसनोंदीत सगळं घर ओळीनं सापडेल. क्वचित आजींचंही नाव.